सेवेचा हिशेब : संस्था चालवताना सत्य, अस्तेय, अपरिग्रह आणि अहिंसा



सत्संग संपल्यावर दानपेटीजवळ थांबून पदराची गाठ सोडणारी आणि दहा-वीस रुपये पेटीत टाकणारी आजी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पावती मागत नाही. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे विचारायला ती कधीच येणार नाही. ती विचारणार नाही, म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. आजच्या पाठात आपण याच जबाबदारीचा अभ्यास करणार आहोत : सेवाकार्य करणारी संस्था नीतीने आणि कायद्याला धरून कशी चालवावी.

‘विश्वस्त’ हा शब्दच पाहा. ज्याच्यावर विश्वास टाकला गेला, तो विश्वस्त. मालक आपल्या वस्तूचे हवे ते करू शकतो. विश्वस्ताला तो अधिकार नाही. त्याच्या हातात जे आहे ते दुसऱ्याचे आहे आणि दुसऱ्यासाठी आहे. आपल्यापैकी कोणी अध्यक्ष असेल, कोणी खजिनदार, कोणी फक्त महाप्रसादाच्या दिवशी भाजी आणणारा कार्यकर्ता. संस्थेचा एक रुपया ज्याच्या हातातून जातो, तो तेवढ्यापुरता विश्वस्तच असतो.

एका खजिनदारांची गोष्ट

एका केंद्रात घडलेली ही गोष्ट आहे. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. तिथले खजिनदार शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी होते. वर्षानुवर्षे त्यांनी केंद्राचा पैसा सांभाळला. पहाटे दार उघडायचे ते आणि रात्री दिवा मालवायचे तेच. हिशेब एका डायरीत असे, आणि बराचसा त्यांच्या डोक्यात. कोणी कधी विचारले नाही. विचारणे हा त्यांचा अपमान वाटला असता.

एके दिवशी हृदयविकाराने गुरुजी अचानक गेले. तेराव्यानंतर घरच्यांनी कपाट उघडले, तेव्हा रोख रकमेची पाकिटे निघाली. काहींवर ‘अन्नदान’ लिहिलेले, काहींवर नुसती तारीख, काहींवर काहीच नाही. यातले केंद्राचे किती आणि गुरुजींच्या निवृत्तिवेतनातले किती, हे कोणालाच सांगता येईना. त्यांच्या पत्नीने सगळी पाकिटे केंद्रात आणून दिली. तरीही कुजबुज सुरू झाली. ‘एवढेच होते का?’ असे एकाने म्हटले, आणि ते त्या माउलीच्या कानावर गेले. त्यानंतर ती सत्संगाला आली नाही.

गुरुजींनी एक पैसाही खाल्ला नव्हता, याबद्दल त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही शंका नव्हती. पण ते सिद्ध करणारा कागद नव्हता. दोष गुरुजींचा एकट्याचा नव्हता. ‘आपलेच आहेत, त्यांना काय विचारायचे’ असे म्हणून ज्या सर्वांनी डोळे मिटले, त्या सर्वांचा तो दोष होता.

ही गोष्ट मनात ठेवून पुढचा पाठ वाचा. हिशेब हा चोराला पकडण्यासाठी असतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो प्रामाणिक माणसाचे कवच असतो.

आधी ओळखा : आपली संस्था कायद्याने कोण आहे?

अनेक केंद्रांतील कार्यकर्त्यांना हा प्रश्न विचारला, तर उत्तर येते, ‘आम्ही सेवा करतो.’ सेवा हे कार्य झाले. कायद्याला संस्थेचे रूप कळावे लागते. भारतात अशा संस्थेची मुख्यतः तीन रूपे आहेत : सार्वजनिक न्यास, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा त्या त्या राज्याच्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय त्यावर देखरेख ठेवते. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या सेवाभावी सोसायटीलाही महाराष्ट्रात न्यास म्हणून नोंदणी करावी लागते. आपले अनेक साधक महाराष्ट्राबाहेर आहेत. बडोद्याच्या केंद्राला गुजरातचा सार्वजनिक न्यास कायदा पाहावा लागेल, इंदूरच्या केंद्राला मध्य प्रदेशचा १९५१ चा, जयपूरच्या केंद्राला राजस्थानचा १९५९ चा. बेळगावातील सोसायटी कर्नाटकच्या १९६० च्या सोसायटी कायद्याखाली येते. ‘पुण्याच्या केंद्रात असे करतात’ हे दुसऱ्या राज्यात पुरेसे उत्तर होत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. आपले केंद्र स्वतंत्र नोंदलेली संस्था आहे की मुख्य संस्थेची शाखा? शाखा असेल, तर पावतीपुस्तक मुख्य संस्थेचेच हवे, बँक खाते तिच्याच नावाचे हवे आणि हिशेब तिच्याच हिशेबात मिळायला हवा. स्वतंत्र नोंदणीही नाही आणि मुख्य संस्थेला हिशेबही जात नाही, अशी अधांतरी अवस्था सर्वांत धोक्याची.

आता आपण साधनेतील चार परिचित यम घेऊ आणि ते संस्थेच्या कारभारात कसे उतरतात ते पाहू.

१. सत्य : जे घडले ते, जसे घडले तसे, त्याच दिवशी लिहिणे

सत्य म्हणजे फक्त खोटे न बोलणे नव्हे. जे घडले त्याची नोंद न ठेवणे हेही सत्याला झाकणेच आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली, तेव्हा अगदी लहान वर्गणीचीही पावती देण्याचा आणि पैशापैशाचा हिशेब ठेवण्याचा नियम पाळला. चोख हिशेबाशिवाय सार्वजनिक कामात सत्य निर्मळ राहू शकत नाही, अशी त्यांची धारणा होती आणि आत्मकथेत त्यांनी ती मांडली आहे.

केंद्राच्या पातळीवर सत्याचे नियम साधे आहेत.

• प्रत्येक देणगीची क्रमांक असलेली पावती त्याच वेळी द्या. चुकलेली पावती फाडून टाकू नका. ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवा.

• दानपेटीला दोन कुलुपे ठेवा आणि किल्ल्या दोघांकडे द्या. पेटी किमान तिघांसमोर उघडा, नोटा-नाणी मोजून कागदावर लिहा आणि तिघांनी सही करा. संपूर्ण रक्कम बँकेत भरा. ‘पेटीतूनच दूधवाल्याचे बिल भागवले, उरलेले भरले’ असे कधीही करू नका. किरकोळ खर्चासाठी वेगळी रक्कम बँकेतून काढा.

• कार्यकर्त्याच्या वैयक्तिक मोबाइलला जोडलेला क्यूआर कोड केंद्रात लावू नका. आज अनेक ठिकाणी सोयीसाठी हे केले जाते. ते पैसे कायद्याच्या दृष्टीने त्या कार्यकर्त्याच्या खात्यात जमा झालेले असतात. उद्या प्राप्तिकर खात्याने विचारले, तर उत्तर त्याच्या घरच्यांना द्यावे लागेल. गुरुजींच्या कपाटातली पाकिटे आणि हा क्यूआर कोड यांत काहीही फरक नाही.

• खर्चाला बिल, बिलाला व्हाउचर, व्हाउचरवर मंजुरी देणाऱ्याची आणि पैसे घेणाऱ्याची सही, असा क्रम ठेवा. खर्च करणारा आणि मंजूर करणारा एकच नको.

• तांदूळ, ब्लँकेट, औषधे, दागिने असे वस्तुरूपाने आलेले दानही नोंदवहीत लिहा. कोणी दिले, किती दिले, कुठे गेले, हे तिन्ही लिहा.

कायदाही हेच मागतो. महाराष्ट्रातील न्यासाने दरवर्षी हिशेब मिटवून त्याचे लेखापरीक्षण करून घ्यायचे असते आणि लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायला हवा. प्राप्तिकराच्या नियमांत नाव-पत्ता नोंदलेला नाही अशा देणग्यांवर, ठरावीक मर्यादेपलीकडे, ३० टक्के दराने कर लागतो. पूर्णपणे धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे. म्हणजे धार्मिक कार्याबरोबर शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेने देणगीदाराचे नाव लिहिण्यात हयगय करू नये.

रोख रकमेचे तीन नियम पाठच करून ठेवा. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. आणि संस्थेने एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले, तर तो खर्च करमाफीसाठी धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही.

करसवलतीसाठी नोंदलेल्या संस्थेने वर्षभरातील देणगीदारांचे विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरायचे असते आणि त्यावरून देणगीदाराला प्रमाणपत्र मिळते. हे विवरण राहिले, तर आपल्यावर विश्वास ठेवून देणगी देणाऱ्याची सवलत अडकते.

एक सूचना : १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा येतो. त्यात कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे जुन्या क्रमांकांवर विसंबू नका. दरवर्षी आपल्या सनदी लेखापालाकडून नियमांची खात्री करून घ्या.

२. अस्तेय : ज्यासाठी दिले, त्यासाठीच वापरणे

चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू स्वतःच्या घरी नेणे, एवढाच अर्थ आपण घेतो. संस्थेत चोरीचे एक सूक्ष्म रूप असते. ते म्हणजे एका कामासाठी दिलेला पैसा दुसऱ्या कामाला लावणे. दुसरे कामही चांगलेच असते, म्हणून मनाला टोचत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला, तेव्हा गावोगावच्या लोकांनी मदत गोळा केली. समजा, आपल्या केंद्राकडे अशा वेळी पूरग्रस्तांसाठी पैसे आले आणि मदत वाटून काही रक्कम उरली. सभामंडपाच्या छपराचे काम अडले आहे. ‘वापरून टाकू, तेही सेवेचेच काम’ असे कोणी तरी सुचवेल. इथे थांबा. देणगीदाराने छपरासाठी दिले नव्हते. त्याला विचारा, किंवा ती रक्कम पूरग्रस्तांच्याच पुढच्या गरजेसाठी वेगळी ठेवा. कदाचित एखाद्या शाळेतली भिजलेली पुस्तके अजून बदललेली नसतील.

म्हणून विशिष्ट कामासाठी आलेल्या देणगीची खतावणीत वेगळी खाती ठेवा. ‘ही रक्कम मूळ निधीत ठेवावी’ असे देणगीदाराचे म्हणणे असेल, तर ते त्याच्याकडून लिहून घ्या. तोंडी शब्दावर पैसा मूळ निधीत टाकता येत नाही.

पैसा साठवण्यालाही मर्यादा आहे. करमाफी मिळणाऱ्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातील किमान ८५ टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांसाठी खर्च करायची असते. मोठ्या कामासाठी काही वर्षे रक्कम साचवायची असेल, तर तसे कारण आणि मुदत ठरवून रीतसर कळवावे लागते. गरजूंसाठी आलेले पैसे ठेवीत पडून राहावेत आणि ठेवीचा आकडा हीच संस्थेची प्रतिष्ठा व्हावी, हे कायद्यालाही मान्य नाही आणि धर्मालाही नाही.

शिल्लक पैसा कुठे ठेवायचा, हेही ठरलेले आहे. अधिक व्याजाच्या लोभाने एखाद्या खासगी पतपेढीत, कोणाच्या व्यवसायात किंवा शेअर बाजारातल्या सल्ल्यावर संस्थेची ठेव गुंतवू नका. अनुसूचित बँक, टपाल खाते, सरकारी रोखे असे कायद्याने मान्य केलेले मार्गच वापरा.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत विशेष सावध राहा. २०१० च्या परदेशी अभिदाय नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर परदेशी देणगी स्वीकारताच येत नाही. इथे आपल्या साधकांचा एक नेहमीचा गोंधळ होतो. अमेरिकेत राहणारा मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याच मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ती परदेशी देणगी ठरते. तो सुट्टीत इथे आला आणि रुपयांत दिले, तरीही. म्हणून परदेशस्थ साधकाकडून देणगी घेण्यापूर्वी त्याचे नागरिकत्व प्रेमाने, पण स्पष्टपणे विचारा. नोंदणी असेल, तर परदेशी देणगी दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेच्या नियोजित खात्यातच आली पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि तिच्यातील २० टक्क्यांहून अधिक रक्कम प्रशासकीय खर्चाला लावता येत नाही.

३. अपरिग्रह : पद, अधिकार आणि मालमत्ता धरून न बसणे

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या हातात मात्र शेवटपर्यंत झाडू आणि गाडगेच राहिले. लोकांचा पैसा लोकांच्या निवाऱ्यासाठी लागला. अपरिग्रहाचा यापेक्षा सोपा धडा शोधायला नको.

आपल्याकडे परिग्रह अनेक रूपांनी येतो. पहिले रूप म्हणजे नातेसंबंध. मंडपाचे कंत्राट अध्यक्षांच्या भावाला, छपाई खजिनदारांच्या जावयाला, केंद्राची जागा सचिवांच्या मालकीची आणि भाडे तेच ठरवणार. यातला प्रत्येक व्यवहार कदाचित रास्त दरातही असेल. पण विश्वस्त, संस्थापक आणि त्यांचे नातेवाईक यांना संस्थेच्या पैशातून अवाजवी लाभ झाला, तर करमाफी धोक्यात येते. पद्धत अशी ठेवा : संबंध असेल तर तो सभेत आधी सांगावा. किमान तीन ठिकाणची दरपत्रके घ्यावीत. निर्णयाच्या वेळी त्या व्यक्तीने बाहेर जावे. हे सर्व इतिवृत्तात लिहावे. बाहेर जाताना मान खाली घालण्याचे कारण नाही. उलट असे उठून जाणाऱ्या माणसाचा आदर वाढला पाहिजे.

दुसरे रूप म्हणजे पदाला चिकटणे. अनेक न्यासांच्या सरकारी नोंदीत कित्येक वर्षांपूर्वी वारलेले विश्वस्त आजही विश्वस्त आहेत. महाराष्ट्रात विश्वस्त बदलला, वारला, किंवा मालमत्तेत बदल झाला, तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो, ज्याला आपण बोलीभाषेत चेंज रिपोर्ट म्हणतो. तो राहिला की नव्या विश्वस्तांच्या सह्यांवर प्रश्न उभा राहतो, बँक अडवते आणि पुढे वाद झाला, तर प्रकरण वर्षानुवर्षे चालते. सर्वसाधारण सभा वेळेवर घ्या, नियमावलीत सांगितल्याप्रमाणे सूचना द्या, गणसंख्या पाहा, ठराव लिहा. जुन्या सेवकांनी नव्यांना शेजारी बसवून काम शिकवावे. गुरुजींच्या केंद्रात दुसरा कोणी हिशेब जाणणारा असता, तर त्यांच्या पत्नीवर ती वेळ आली नसती.

तिसरे रूप म्हणजे संस्थेची जमीन-इमारत आपलीच समजणे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, गहाण ठेवणे, बदली करणे किंवा बक्षीस देणे यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि इतर जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असली, तरी परवानगी हवी. कर्ज काढण्यासाठीही मंजुरी लागते. ‘सर्व विश्वस्तांचे एकमत आहे’ हे इथे पुरत नाही, कारण मालमत्ता विश्वस्तांची नाहीच. हिंदू देवस्थानाच्या बाबतीत तर आपल्या न्यायालयांनी देवतेलाच कायदेशीर व्यक्ती मानले आहे. देवाचे ते देवाच्याच नावावर.

चौथे रूप म्हणजे संस्थेचे व्यासपीठ वापरण्याचा मोह. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार दर्शनाला येतात. साधक म्हणून कोणीही यावे. पण १९८८ च्या कायद्याने धार्मिक संस्थेच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर करण्यास मनाई केली आहे. आपले मत मतपेटीत द्या. केंद्राचा ध्वनिक्षेपक त्यासाठी देऊ नका.

४. अहिंसा : माणसे जपणे

पैशाची चूक भरून काढता येते. माणसाला झालेली इजा भरून येत नाही. म्हणून हा यम शेवटी घेतला असला, तरी महत्त्वाने पहिला आहे.

महिलांची सुरक्षितता. २०१३ चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा सेवाभावी संस्थांनाही लागू आहे. विनावेतन काम करणारी स्वयंसेविकाही त्यात येते. १० किंवा अधिक जण काम करत असतील, तर अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. समितीच्या सदस्यांची नावे सूचना फलकावर लावा. ‘आपल्याकडे असे होत नाही’ हे वाक्य ज्या संस्थेत सर्वांत मोठ्याने बोलले जाते, तिथे तक्रार करणारीचा आवाज सर्वांत आधी दबतो.

मुलांची सुरक्षितता. बालसंस्कार वर्ग, वसतिगृह, शिबिर यांत कोणताही कार्यकर्ता एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, असा नियम करा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या नावासाठी प्रकरण ‘आतल्या आत’ मिटवणे ही अहिंसा नाही. ती त्या मुलावर दुसऱ्यांदा केलेली हिंसा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फलकावर असू द्या.

आरोग्य. आरोग्य शिबिरात औषध नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यावे. दान आलेल्या गोळ्यांची मुदत तपासा. ध्यान, जप, आहार यांनी मनाला बळ मिळते हा आपला अनुभव असेल. पण ‘आमच्याकडे मधुमेह बरा होतो, कर्करोग जातो’ अशी जाहिरात करू नका. १९५४ चा औषधे व जादूई उपचार कायदा अशा दाव्यांना मनाई करतो. कायदा नसता तरी विचार करा : आपल्या शब्दावर विश्वासून एखाद्या साधकाने इन्सुलिन बंद केले, तर त्याचा भार कोणावर?

अन्न. महाप्रसाद किंवा अन्नछत्र नियमित चालवणाऱ्यांनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. धार्मिक कार्यक्रमातील अन्नवाटपही या नियमांच्या कक्षेत येते. पाणी, भांडी, वाढणाऱ्यांचे हात आणि उरलेल्या अन्नाची वेळ यांकडे लक्ष द्यावे.

काम करणारे. स्वयंसेवक आणि पगारी सेवक यांत गल्लत करू नका. रोज आठ तास स्वयंपाकघरात राबणाऱ्या ताईंना ‘सेवा’ म्हणून नाममात्र मानधन देणे आणि त्यातच धन्यता मानायला लावणे, हे शोषण आहे. ज्याला पगारावर ठेवले, त्याला किमान वेतन, रजा आणि लागू असेल तिथे भविष्य निर्वाह निधी मिळाला पाहिजे. सेवा ही स्वतःहून द्यायची असते. दुसऱ्याकडून ती वसूल करता येत नाही.

शेजारी आणि सभासद. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवा. आपल्या भजनाने शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडत असेल, तर ते भजन कोणापर्यंत पोहोचले? साधकांचे फोन क्रमांक, आधारच्या प्रती, आजारपणाची माहिती हीसुद्धा ठेव आहे. ती समूहावर टाकू नका, कोणाला विकायला किंवा प्रचाराला देऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आता २०२३ चा स्वतंत्र कायदाही आहे.

कारभाराचे वर्षचक्र

नियम एकदम समोर आले की मन दडपते. ते वर्षात वाटून घेतले, तर सोपे होतात. आपल्या केंद्राच्या भिंतीवर असे एक पान लावा.

दररोज : कीर्द लिहिणे.
दर आठवड्याला : दानपेटी तिघांसमोर उघडून भरणा करणे.
दर महिन्याला : बँकेचे विवरण कीर्दीशी ताडून पाहणे, जमाखर्चाचे एक पान फलकावर लावणे.
दर तीन महिन्यांनी : विश्वस्तांची सभा, इतिवृत्तासह.
३१ मार्च : हिशेब मिटवणे, रोख शिल्लक मोजून दोघांनी सही करणे.
३१ मे : देणगीदारांचे विवरण.
त्यानंतर : लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभेत वाचन, धर्मादाय आयुक्त आणि प्राप्तिकर खात्याकडे मुदतीत सादर करणे.
वर्षातून एकदा : नोंदणीची मुदत, विश्वस्तांची नोंद, अंतर्गत समिती आणि विमा यांची तपासणी.

फलकावरचे ते एक पान सर्वांत मोलाचे समजा. दानपेटीत दहा रुपये टाकणाऱ्या आजीला कदाचित वाचता येत नसेल. तिच्या नातवाला येते. तो तिला वाचून दाखवेल, ‘आजी, या महिन्यात इतक्या जणांना जेवण मिळाले, इतके वीजबिल आले.’

चूक झाली तर?

चुका होतील. पावती राहील, अर्जाची मुदत चुकेल, एखादा खर्च चुकीच्या खात्यात जाईल. तेव्हा दोन मार्ग असतात : झाकणे आणि सांगणे. झाकलेली चूक दुसऱ्या चुकीला जन्म देते. मागच्या तारखेची पावती, जोडून लिहिलेले इतिवृत्त, खोटी सही. इथून पुढे ती चूक राहत नाही, गुन्हा होतो. सांगितलेली चूक बहुधा विलंब शुल्क, दुरुस्ती आणि एक क्षमायाचना यांवर संपते. लेखापरीक्षकापासून काही लपवू नका. तो आपला आरसा आहे.

आणि कार्यकर्त्याने प्रश्न विचारला, तर त्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे म्हणू नका. श्रद्धा सद्गुरूंवर, परमेश्वरावर असावी. खर्चाच्या बिलावर श्रद्धा ठेवण्याची गरज नाही. ते तपासून पाहायचे असते.

स्वाध्याय

या आठवड्यात आपल्या केंद्रातील चार-पाच जणांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे लिहावीत.

१. आपले खजिनदार उद्यापासून येऊ शकले नाहीत, तर दुसऱ्या कोणाला आजची शिल्लक सांगता येईल का?
२. संस्थेचा कोणताही पैसा सध्या कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा घरी आहे का?
३. सरकारी नोंदीत असलेले विश्वस्त आणि प्रत्यक्ष काम पाहणारे विश्वस्त तेच आहेत का?
४. मागच्या वर्षी विशिष्ट कामासाठी आलेली देणगी त्याच कामाला लागली का?
५. एखाद्या ताईला किंवा मुलाला त्रास झाला, तर त्याने कोणाकडे जावे हे केंद्रात लिहिलेले आहे का?
६. मागील वर्षाचा हिशेब सर्व साधकांसमोर वाचला गेला का?

एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर खंत करत बसू नका. ते एक काम ठरवा, एका व्यक्तीकडे सोपवा आणि तारीख घाला.

शेवटी पुन्हा गुरुजींकडे जाऊ. त्या केंद्रात आज दोन खजिनदार आहेत आणि दर महिन्याचा हिशेब दारातच लावलेला असतो. पहिला हिशेब लागला, त्या दिवशी काही साधक गुरुजींच्या घरी गेले आणि त्यांच्या पत्नीला म्हणाले, ‘काकू, चूक आमची होती.’ काकू काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी मात्र त्या सत्संगाला आल्या आणि आपल्या नेहमीच्या जागी बसल्या.

आपल्या केंद्रातल्या कोणाही सेवकाच्या घरच्यांवर तशी वेळ येऊ नये, यासाठी आजच कीर्द उघडा आणि आजची शिल्लक लिहा.